मुलांचे ठसे

जून भेंडी मागून घेणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. कोवळी भेंडी सगळ्यांनाच हवी असते. टोक मोडून बघायचं, कटकन तुटलं तर पिशवीत, वाकलं तर परत टोपलीत, हे भाजी घेणाऱ्या कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. मी त्या आठवड्यात नेमकं उलटं करत होते. तुटणारी टोपलीत आणि दोरखंडासारखी चिवट पिशवीत. भाजीवाली एकदोनदा नुसती बघत राहिली. मग हातगाडीवरून पुढे वाकून, शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण त्याला ऐकू जाईलच इतक्या आवाजात तिने विचारलं, "बाई, घरी सगळं ठीक आहे ना?"

ठीक आहे, असं मी सांगितलं. जरा जास्तच ठासून सांगितलं असावं. कारण त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या वहिनी झाकलेली वाटी घेऊन आल्या आणि आज जरा जास्तच झालं होतं म्हणाल्या. समोरच्यांकडून डबा आला. कोपऱ्यावरच्या शिंप्याची बायकोही आली. नुसता माझा हात दाबला आणि पातेलं ठेवून निघून गेली. आमचे हे कामावरून आले, ओट्यावरची परकी भांडी बघितली आणि चपला न काढताच हळू आवाजात म्हणाले, "कोण गेलं?"

कोणी गेलेलं नव्हतं. भेंडी मला खायची नव्हतीच. भेंडी आडवी कापून रंगात टेकवली आणि कापडावर दाबली की फूल उमटतं. कोवळी भेंडी दाबली की चेंगरते आणि फुलाऐवजी डाग पडतो. जून भेंडी शिक्क्यासारखी ताठ राहते. अर्ध्या कांद्याने वलयं उठतात. कारलं, ढोबळी मिरची, कोबीचा गड्डा, प्रत्येकाच्या पोटात एकेक नक्षी असते आणि आपण ती फोडणीत घालून वाया घालवतो. याला ठसेकाम म्हणतात. पुढे जे रामायण झालं, ते या शब्दातलं 'काम' गळून पडल्यामुळे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिक्षण केंद्र होतं. पुढे मोठी खोली, मागे लहान. पुढच्या खोलीत सकाळी शिवण, दुपारी टंकलेखन आणि संध्याकाळी मोठ्या माणसांचा साक्षरता वर्ग. मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्या, आणि शनिवारी दुपारी मी. मी तिथे मुलांचा हस्तकलेचा वर्ग घ्यायचे. वर्ग म्हणजे काय, तर घरात मुलाने कात्री उचलली की आई ओरडते, डिंक घेतला की आजी ओरडते आणि रंग काढले की सगळेच ओरडतात. त्या खोलीत ओरडायला एकटी मी होते, आणि मी ओरडत नसे. मुलं कागद फाडायची, चिकटवायची, चिकटवलेलं उपटायची. जाताना प्रत्येकाच्या हातात काहीतरी असायचं आणि ते काय आहे हे फक्त त्याला ठाऊक असायचं.

खरं सांगायचं तर ती खोली मुलांइतकीच मलाही हवी होती. घरात माझी म्हणावी अशी एका कपाटातली खालची फळी होती, आणि तिच्यावरही यांचे जुने बूट असत. आठवड्यातून एकदा त्या खोलीचं कुलूप काढताना मला जे वाटायचं, ते मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत शिरताना एवढा आनंद कसला, असंच कुणीही विचारलं असतं.

तर या खोलीवर टंकलेखनाच्या मास्तरांचा डोळा होता. मुलं त्यांना खटखट मास्तर म्हणायची. माणूस सरळ होता, पण त्यांच्याकडे नवी यंत्रं आली होती आणि ती ठेवायला जागा नव्हती. शिवाय टंकलेखन शिकलेल्यांना नोकऱ्या लागत होत्या. माझ्या वर्गातून बाहेर पडलेल्या कुणालाही कागदी बेडकाच्या जोरावर नोकरी लागल्याचं ऐकिवात नव्हतं. केंद्राचे व्यवस्थापक भिडस्त गृहस्थ. त्यांना दोघांनाही नाही म्हणवेना. म्हणून त्यांनी ते समितीच्या अध्यक्षांवर सोपवलं. अध्यक्ष शनिवारी येतील, दोन्ही वर्ग बघतील, ज्यात मुलं भरपूर असतील आणि दाखवण्यासारखं काही असेल त्याला खोली. एवढं सांगून व्यवस्थापकांनी घाम पुसला.

अध्यक्ष पेशाने दातांचे डॉक्टर होते. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत न बघता ते तोंडात बघत. त्यामुळे त्यांच्यापुढे सगळे ओठ मिटून बोलायचे आणि कुणाचं म्हणणं त्यांना पुरतं कळायचं नाही. अशा माणसाला बोलून पटवण्यात अर्थ नव्हता. काहीतरी दाखवायलाच हवं होतं. आणि मला सुचला पडदा.

केंद्राच्या पुढच्या खोलीत पश्चिमेला मोठी खिडकी होती आणि तिला पडदा नव्हता. समितीच्या बैठकीत ऊन नेमकं अध्यक्षांच्या डोळ्यांवर यायचं. मुलांनी ठसेकाम केलेला भला मोठा पडदा, शनिवारी, अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत. कलाही झाली आणि सावलीही. योजनेत खोट काढायला जागा नव्हती. म्हणजे मला दिसली नाही.

कापड म्हणून मी घरातल्या दोन पांढऱ्या चादरी जोडल्या. त्यातली एक यांची आवडती निघाली, हे मला जोडून झाल्यावर कळलं. रंग टिकतो का हे बघायला मी हाताशी आलेल्या एका रुमालावर भेंडी दाबून बघितली. रंग उत्तम टिकला. दुसऱ्या दिवशी यांनी साहेबांसमोर घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, तेव्हा साहेबांनाही तो आवडला असं म्हणे. हे घरी येऊन एवढंच म्हणाले, "माझ्या वस्तूंना हात लावण्याआधी त्यांना विचारत जा." माझ्याशी बोलणं नको म्हणून मी चादरींना विचारावं, असा त्यांचा एकंदर रोख होता.

सल्ले तर न मागता आले. वरच्या वहिनींनी रंगात मीठ घालायला सांगितलं, समोरच्यांनी मीठ मुळीच घालू नका म्हणून सांगितलं. शिंपी म्हणाला, पडद्याला खाली वजन हवं. आणि नियमकाका म्हणाले, सूचना लावा.

नियमकाका आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे. ते कुठल्याशा कार्यालयातून निवृत्त झाले होते, पण कार्यालय त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. दूध उतू गेलं तरी त्याला कोणतं कलम लागतं याचा ते विचार करत. त्यांचं म्हणणं असं, की आई-बापांना आधी कळवल्याशिवाय मुलांकडून काही करून घेतलं, तर उद्या बोट माझ्याकडे दाखवलं जाईल. मला पटलं. मी एका कागदावर लिहून नेलं, की येत्या शनिवारी मी मुलांकडून भाज्यांचं ठसेकाम करून घेणार आहे, अध्यक्ष बघायला येतील, मुलांना जुने कपडे घालून पाठवा.

काकांनी चष्मा लावून ते वाचलं आणि सुस्कारा सोडला. सूचनेत 'मी' नसतो, असं त्यांनी समजावलं. 'घेणार आहे' असंही नसतं, 'घेण्यात येईल' असतं. कोण घेणार हे सूचनेत कधीही उघड करायचं नाही. भाज्या काढल्या, कारण केंद्राच्या फळ्यावर भाज्या बऱ्या दिसत नाहीत. मग 'काम' काढलं. का, तर केंद्राच्या ठरलेल्या कामांत हे काम बसत नव्हतं, आणि नसलेलं काम फळ्यावर लिहिलं तर ते कुणी मंजूर केलं असा प्रश्न उठला असता. राहिलेलं सांधताना 'मुलांकडून'चं 'मुलांचे' झालं, आणि ते व्यवस्थापकांनी सुवाच्य अक्षरात फळ्यावर उतरवलं.

'येत्या शनिवारी केंद्रातील सर्व मुलांचे ठसे घेण्यात येतील. अध्यक्ष जातीने हजर राहतील. मुलांना जुने कपडे घालून पाठवावे. पालकांनी सहकार्य करावे.'

मी फळ्यासमोर उभी राहून ते वाचलं, आणि इतकी वर्षं आपण जे कागद फाडण्याचं काम करतो आहोत ते आज पहिल्यांदा भारदस्त दिसतंय, असं वाटून मला बरं वाटलं.

आता नेमकी त्याच आठवड्यात खटखट मास्तरांची घंटा नाहीशी झाली होती. पितळी, हातात धरून वाजवायची. वेळ संपली की मास्तर ती वाजवायचे आणि सगळी यंत्रं एकदम थांबायची. घंटा जागेवर नाही म्हटल्यावर मास्तरांनी पुढच्या खोलीत, मागच्या खोलीत ऐकू जाईल असं म्हटलं होतं, की शनिवारी इथे लहान मुलं येतात. पुढे काही म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजही नव्हती. घंटा गेली आणि लगेच मुलांचे ठसे. गल्लीने दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या.

मला मात्र कशाचाच पत्ता नव्हता. मी रंग कालवण्यात गुंतले होते. वरच्या वहिनी एकदा जिन्यात भेटल्या. त्यांची दोन्ही नातवंडं माझ्या वर्गात होती.

"ते नंतर जातात का हो?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"ठसे."

"छे, जातात कसले. तुम्ही सांगितलंत तसं मीठ घातलंय. आता कायमचे."

वहिनींनी कठड्याला धरलं. "आणि ठेवणार कुठे?"

"ठेवायचे कशाला? खिडकीत टांगणार. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसायला नकोत का?"

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे. तुमच्या धाकट्याचे तर मी मधोमध घेणार आहे. त्याचा हात फार चलाख."

वहिनी कठडा धरूनच वर गेल्या. त्या दिवसापासून वाट्या यायच्या बंद झाल्या. आपल्या घरची परिस्थिती सुधारल्याचं लोकांच्या ध्यानात आलेलं दिसतंय, असं मी यांना म्हटलंदेखील.

गल्लीत घरोघरी काय चाललं होतं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. ठसे घेणार म्हटल्यावर मुलं आपण होऊन कबूल व्हायला लागली होती. घंटेबद्दल नव्हे, बाकी सगळ्याबद्दल. शिंप्याच्या मुलाने नियमकाकांच्या दारातली कुंडी आपणच फोडली असं सांगून टाकलं. आरोप इतके दिवस मांजरावर होता. वरच्या वहिनींच्या नातवाने साखरेच्या डब्याबद्दल सांगितलं, आणि नातीने डबा काढायला स्टूल कुणी धरलं ते सांगितलं. एका मुलीने तर अजून न केलेल्या गोष्टीही कबूल केल्या. आधीच सांगून ठेवलेलं बरं, असं तिचं म्हणणं.

पण खरी गंमत मोठ्यांची. केंद्रातली मुलं म्हणजे नेमकी कोण, कितव्या वर्षापर्यंतची, हे सूचनेत स्पष्ट केलेलं नव्हतं. आणि 'पालकांनी सहकार्य करावे' या वाक्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या मनाप्रमाणे लावला. व्यवस्थापकांना सकाळी केंद्राच्या दारात वस्तू सापडू लागल्या. कात्र्या. उशी. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुस्तकं, ज्यांतलं एक त्यांच्या आधीच्या व्यवस्थापकांच्या काळात गेलेलं. एक अख्खी खुर्ची, आणि तीही मोडकी नसलेली. न्हाव्याने येऊन सांगितलं की आरसा मी फक्त पुसायला नेला होता. व्यवस्थापक मला भेटले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. हे ठसे अधूनमधून घेत चला, म्हणाले. मी म्हटलं, मुलांना आवडले तर घेऊ.

सगळं परत आलं, एक घंटा सोडून.

शनिवार उजाडला. मी लवकर जाऊन दोन लांब टेबलं जोडली, त्यांवर चादर ताणून बसवली, ताटल्यांत रंग ओतले. भेंड्या आडव्या, कांदे अर्धे, कोबी चिरून. केंद्रात ओल्या भाजीचा वास पसरला. पुढच्या खोलीत मास्तरांचा वर्ग भरला होता आणि यंत्रं जोरात चालली होती. रोजच्यापेक्षा जास्त जोरात, असं मला वाटलं. मी दारात उभी राहिले.

मुलं आली नाहीत.

एकही नाही. एरवी वेळेआधी येऊन कडी वाजवणारी मुलं. मी रस्त्याच्या टोकापर्यंत बघून आले. परत येऊन ताटल्या जरा सरळ केल्या. रंगावर साय धरायला लागली होती. अध्यक्ष पुढे व्यवस्थापकांच्या टेबलाशी येऊन बसले होते, त्यांच्यासमोर चहा ठेवलेला मला दिसला. चहा संपला की ते मागे येणार, आणि मागे एक बाई, दोन चादरी आणि चिरलेली भाजी. त्या खोलीच्या कुलपाची किल्ली माझ्या कमरेला होती. ती आज द्यावी लागणार, हे मला कळून चुकलं, आणि मी उगाचच एक मोडकी खुर्ची पुसत बसले.

तेवढ्यात दारात भाजीवाली उभी राहिली. तिच्यामागे आणखी चारपाच बाया, आणि त्यांच्यामागे, पदराआड, मुलं. भाजीवालीची मुलगी माझ्या वर्गातली सगळ्यात लहान. सगळे तिला मुंगी म्हणायचे. तिचे दोन्ही हात आईने आपल्या मुठीत घट्ट धरलेले होते.

आता या भाजीवालीबद्दल सांगायला हवं. ती त्याच केंद्रातल्या संध्याकाळच्या वर्गात लिहायला शिकली होती. दिवसभर गाडी लावून, थकून, झोप आवरत शिकली. सही यायला लागली त्या दिवसापासून ती दिसेल तिथे सही करायची. गाडीच्या फळीवर, तराजूच्या दांडीवर, भोपळ्यावर खडूने. तिच्याकडचा भोपळा घरी आणला की आधी तिचं नाव धुवावं लागे. तिच्यामागच्या बायाही त्याच वर्गातल्या.

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"बाई, मी तुम्हाला चांगलं समजत होते," ती म्हणाली. "माझ्या आईने जन्मभर अंगठा लावला. मी अर्धा जन्म लावला. तो सुटावा म्हणून या वयात इथे येऊन पाटी धरली. आणि याच केंद्रात तुम्ही माझ्या पोरीचा अंगठा घेणार?"

मला आधी काही समजेचना. मी म्हटलं, अंगठा कुणाचा? ती म्हणाली, फळ्यावर लिहिलंय, मी स्वतः वाचलंय. दोनदा वाचलंय. आणि 'स्वतः वाचलंय' म्हणताना तिने मुंगीचे हात आणखी घट्ट धरले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. जिन्यातल्या वहिनी, कठडा, मीठ, कायमचे, खिडकीत टांगणार. मी मटकन त्या पुसलेल्या खुर्चीवर बसले, आणि ती मोडकी असल्यामुळे तिच्यासकट खाली गेले.

याचा एक फायदा झाला. मुलं हसली. मुंगीने आईच्या मुठीतून हात सोडवून घेतले आणि मला उठवायला आली. मी उठले, ताटलीतली भेंडी उचलली, रंगात टेकवली आणि चादरीवर दाबली. फूल उमटलं. शेजारी आणखी एक दाबलं. मग म्हटलं, "अगं, ठसे मुलांचे नाहीत. हिचे." आणि भेंडी वर करून दाखवली.

भाजीवाली जवळ आली. फुलाकडे बघितलं, भेंडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"म्हणून जून?" ती म्हणाली.

"म्हणून जून."

"आणि मी गल्लीभर सांगितलं की तुमच्या यजमानांची नोकरी गेली."

एवढं बोलून ती जी हसायला लागली, ती पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली. मागच्या बायांना कळायला जरा वेळ लागला. मुलांना लागला नाही. ती टेबलाभोवती केव्हाच पोचली होती. शिंप्याच्या मुलाने कोबी घेतला, वहिनींचा धाकटा कुणाबरोबर तरी पळून आला होता, त्याने दोन हातांत दोन कांदे घेतले आणि मुंगीला टेबल उंच पडत होतं म्हणून ती सरळ टेबलावर चढली. जुने कपडे घालून कुणालाच पाठवलेलं नव्हतं. उलट, अध्यक्षांसमोर उभं राहायचंय म्हणून सगळ्यांना ठेवणीतले घातले होते. आयांच्या ते ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता.

या गोंधळात अध्यक्ष आत आले. त्यांच्यामागे व्यवस्थापक, खटखट मास्तर, आणि सूचनेची अंमलबजावणी बघायला आलेले नियमकाका. अध्यक्षांनी मुलं बघितली, चादर बघितली. मास्तर घसा साफ करून शांतपणे म्हणाले, की मुलं आनंदात आहेत हे दिसतंच आहे, प्रश्न एवढाच की टंकलेखनातून पोट भरतं, आणि भेंडीतून काय मिळतं?

"भाजी मिळते," भाजीवाली म्हणाली. "माझं तर तिच्यावरच चालतं."

मास्तरांना ते तसं म्हणायचं नव्हतं. आणि पुढे काही म्हणणार, तोच दारातून त्यांच्या आई आल्या. वयस्कर, वाकलेल्या, पदराखाली काहीतरी धरलेलं. त्यांनी कुणाकडे न बघता ती वस्तू टेबलावर ठेवली. ती खणकन वाजली, आणि सवयीने पुढच्या खोलीतली सगळी यंत्रं थांबली. मास्तरांनी घंटा चकाकवून आणायला म्हणून घरी नेली होती आणि विसरून गेले होते. आईंचा आवाज खोल गेलेला, हाक मारली तरी मुलाला ऐकू जात नसे. म्हणून त्या जेवायला बोलवायला ती वाजवत होत्या. मुलाने रोज तिच्या आवाजाने येऊन पानावर बसावं आणि रोज केंद्रात येऊन तिचा शोध घ्यावा, असं चाललं होतं. त्या बापड्या म्हणाल्या, ठसे माझेच निघतील, मुलांना काही करू नका.

मास्तर लाल झाले. त्यांची मला त्या क्षणी खरोखर दया आली. त्याच आठवड्यात माझ्याही घरी परक्या वाट्या येऊन गेल्या होत्या, चारचौघांत अब्रू जाणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. अध्यक्ष मात्र आईंच्या तोंडाकडे बघत होते. तिथे एकही दात नव्हता, त्यामुळे त्यांना बोलण्याकडे लक्ष देता आलं असावं.

ते म्हणाले, ठीक आहे, गैरसमज झाला. पण पालकांची तक्रार माझ्यापर्यंत आली आहे. हे मुलांनी पालकांच्या संमतीने केलं, असं लेखी असायला हवं. पालकांनी संमती दिली तर बघू.

व्यवस्थापकांनी मान हलवली. भिंतीशी बायांची ओळ उभी होती, डोक्यावर पदर, हातात पिशव्या. अशी ओळ त्यांनी आयुष्यभर बघितली होती. त्यांनी काहीही विचार न करता टेबलाच्या खणातून शाईची गादी आणली, झाकण उघडलं आणि भाजीवालीपुढे धरली.

मुलांचे हात थांबले.

भाजीवालीने एका बोटाने, शाई लागू न देता, गादी बाजूला सारली. "पेन द्या," ती म्हणाली.

व्यवस्थापकांचा चेहरा कसा झाला ते मी सांगत नाही. त्यांनी स्वतःच्या खिशातलं पेन काढून, टोपण उघडून दिलं. मग कागद शोधायला गेले. कपाटाची किल्ली शिवणाच्या बाईंकडे होती आणि त्या गावाला गेल्या होत्या. भाजीवाली थांबली नाही. चादरीची खालची किनार कोरी होती. तिथे वाकून, जिभेचं टोक दातांत धरून, तिने एकेक अक्षर काढलं. अक्षरं सगळी झाल्यावर क्षणभर थांबली आणि मग वरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढली. मुंगी टेबलावरून ते बघत होती. तिने हातातली भेंडी हळूच आईच्या नावाशेजारी टेकवली.

मग बाकीच्या बाया. एकीचं नाव लांब होतं, ते कोपऱ्याला वळून वर चढलं. एकीने एक अक्षर चुकवलं, खोडलं, पुन्हा काढलं, आणि खोडलेलं तसंच राहू द्या म्हणाली. मास्तरांच्या आईंपुढे पेन आलं तेव्हा त्यांनी हात मागे घेतला. सोमवारी संध्याकाळी जागा असेल का, असं त्यांनी भाजीवालीला विचारलं. भाजीवाली म्हणाली, माझ्या शेजारी बसा. आणि किनारीवर त्यांच्यापुरती जागा सोडून पुढचीने सही केली. मास्तर खाली बघत होते. गल्लीतल्या अर्ध्या मुलांना त्यांनी यंत्रावर अक्षरं बडवायला शिकवली होती.

पडदा झाला. आता खोलीचं काय, असं कुणी विचारण्याआधी नियमकाका पुढे सरसावले. त्यांनी चष्मा लावून किनार तपासली आणि अत्यंत गंभीरपणे सांगितलं, की या कापडावर पालकांच्या सह्या झाल्या असल्यामुळे ते आता कापड राहिलेलं नाही, दस्तऐवज झालेलं आहे. आणि दस्तऐवज जिथे झाला त्या जागेवरून हलवता येत नाही. खिडकीला लावता येणार नाही. याच खोलीत ठेवावा लागेल, आणि तो सांभाळायला ज्या वर्गाचा आहे तो वर्गही.

असा नियम खरोखर होता का, ते मला आजतागायत माहीत नाही. काका मला नंतर म्हणाले, की नसेल तर असायला हवा होता. माझ्यासाठी त्यांनी केलेलं हे एकच बेकायदेशीर काम असावं.

अध्यक्षांनी त्या सह्या एकेक करून वाचल्या. मग खोलीची लांबी नजरेने मोजली, आणि मधे भिंत घालता येईल का म्हणाले. काका म्हणाले, भिंतीला परवानगी लागते. पडद्याला लागत नाही.

म्हणून तो पडदा खोलीच्या मधोमध टांगला गेला. अलीकडे माझी मुलं, पलीकडे मास्तरांची नवी यंत्रं. पुढच्या खोलीत अध्यक्षांच्या डोळ्यांवर ऊन येतच राहिलं. किल्ली माझ्या कमरेलाच राहिली. मास्तरांना दुसरी करून दिली.

पुढच्या शनिवारी मुलं कागदाच्या होड्या करत होती आणि पलीकडून यंत्रांचा आवाज येत होता. मुलांना त्याची हरकत नव्हती, ती त्याच्या तालावर कातरत होती. मधेच एक यंत्र थांबलं. पडद्याची कड जरा बाजूला झाली आणि खटखट मास्तरांनी डोकं आत घातलं. त्यांच्या हातात नव्या विद्यार्थ्यांची छापील प्रमाणपत्रं होती, कोरी, पांढरी, कुठेही काही नसलेली. त्यांनी पडद्यावरच्या कांद्याच्या वलयांवरून बोट फिरवलं. मग घसा साफ केला.

"बाई," ते म्हणाले, "अर्धा कांदा असेल का? फार मोठा नको. कोपऱ्यात बसेल एवढा."